पालकांची उपस्थिती अनिवार्य

मला इतिहासात शून्य मिळालं तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती, आणि ते शून्य माझ्या पोटच्या मुलीनं, माझ्याच खिशातल्या लाल पेनानं दिलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या इमारतीत ही बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचं स्वरूप फार बदललं होतं, आणि निदान वाचकांना तरी ती मूळ स्वरूपात मिळावी अशी माझी इच्छा आहे.

वास्तविक मला परीक्षा द्यायचीच नव्हती. मला मुलीसाठी फक्त एक शिकवणी लावायची होती. नळाला वॉशर बसवण्याइतकं ते साधं काम आहे असा माझा समज होता. नळाचं उदाहरण सहज सुचलं, कारण मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. पाणी सोडणारे वेगळे, पाइप टाकणारे वेगळे, आणि पाणी आलं नाही की लोक ज्याच्यावर ओरडतात तो मी. आमच्याकडे कुठेही काही बिघडलं की साहेब म्हणतात, लिहा, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याच्या चुकीमुळे. मी लिहितो, तांत्रिक कारणामुळे. त्यामुळे माझी बढती झालेली नाही, पण व्हॉल्व्हवाल्यांशी माझं बरं चाललं आहे. असो.

आमच्या मुलीला घरात अजून बबडी म्हणतात आणि ती अजून चिडते. तिनं शाळेच्या शेवटच्या वर्षांसाठी ‘प्रगत इतिहास’ हा विषय स्वतःहून घेतला. साध्या इतिहासात काय घडलं ते लिहायचं असतं. प्रगत इतिहासात, ते घडलं असं कोण म्हणतो, तो तसं का म्हणतो आणि आपण त्याचं का ऐकावं, हे लिहायचं असतं. मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या कार्यालयात रोज चालतं, त्याला कोणी प्रगत म्हणत नाही. पण तिला पुढे ज्या कॉलेजात जायचं होतं तिथे हा विषय लागणार होता. आणि खरं सांगायचं तर तिला इतिहासाचं वेड लहानपणापासूनच. एखादं दुकान दिसलं की विचारायची, “बाबा, याच्या आधी इथे काय होतं? आणि त्याच्या आधी?” मी कंटाळून शेवटी ‘समुद्र’ म्हणायचो. मग ती दुकानाकडे पुन्हा एकदा बघायची, आणि विचारायची, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

अशी ही मुलगी पहिल्या चाचणीत नापास झाली. दुसऱ्या चाचणीतही झाली. पेपर मी पाहिला. अक्षर मोत्यासारखं, सनावळ्या चोख, खाली बाईंचा शेरा: ‘माहिती भरपूर. मत कोणाचं?’ मग आम्हा दोघांना शाळेत बोलावणं आलं. विभागप्रमुख फार सौम्य आवाजात बोलल्या. वाईट बातमी सौम्य आवाजात सांगणाऱ्या माणसांची मला धास्ती आहे. त्या म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे, पण पुस्तकाला घाबरते. छापलेलं खोडायचा तिला धीर होत नाही. सहामाहीत पास झाली नाही, तर तिला साध्या इतिहासाच्या वर्गात बसवावं लागेल.”

घरी आल्यावर बबडी बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. आता, नळाच्या आवाजाबद्दल मला कोणी शिकवू नये. बादली भरत असली की आवाज हळूहळू चढत जातो. हा आवाज चढत नव्हता. पाणी नुसतंच फरशीवर पडून वाहून जात होतं, म्हणजे त्याच्याआड ती रडत होती. एरवी मी थेंबभर गळलं तरी घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी मी दाराशी उभा राहिलो आणि पाणी वाहू दिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, “अहो, काहीतरी करा.”

तर मी करायला लागलो.

शिकवणी शोधायची म्हणजे आधी शेजारी. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मॅनेजर राहतात. सल्ला देण्यासाठीच ते निवृत्त झाले असावेत, म्हणून त्यांना सगळे ‘सल्लागार’ म्हणतात. ते बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, “मुलीला इतिहास देण्यातच तुमची पहिली चूक झाली.” मी म्हटलं, ते झालं, आता पुढे बोला. मग त्यांनी एका सरांचं नाव सुचवलं, ज्यांच्या नोट्स घोकून त्यांचा भाचा परदेशी गेला होता. भाचा तिथे फ्रिज दुरुस्त करतो, हे मला नंतर कळलं.

नोट्सवाले सर आले. बूट न काढता दारातूनच सांगू लागले, “लिही. राज्यक्रांतीची कारणे, दोन टिंबं, ओळ सोड.” त्यांचं सगळं बोलणं विरामचिन्हांसकट असे. मी पाणी विचारलं तर “नको पूर्णविराम” म्हणतील अशी मला भीती वाटत होती. बबडीनं लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, “सर, हे कशावरून?” सर म्हणाले, “असे प्रश्न परीक्षेत येत नाहीत.” दुर्दैवानं परीक्षेत फक्त असेच प्रश्न येत होते. दोन्ही बाजूंनी विचार करून सरांना निरोप दिला.

मग सल्लागारांनी आपले मेहुणेच पाठवले. आता मेहुण्यांना नाही कसं म्हणणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मेहुण्यांचा एका लढाईचा अभ्यास होता. फक्त एका. पण तिच्यात त्यांनी हयात घातली होती. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी मिठाची बरणी म्हणजे डोंगर, डाव हे घोडदळ, आणि वाट्या म्हणजे पायदळ असं मांडलं. बबडीनं औद्योगिक क्रांतीबद्दल विचारलं की ते म्हणत, “त्याकडे येऊच, पण आधी डावी बगल बघ.” दुसऱ्या आठवड्यात घोडदळानं उतावीळपणे मुसंडी मारली आणि साखरेची बरणी धारातीर्थी पडली. बायकोच म्हणाली, “भाऊ, बरणीचं काही नाही हो, पण मुंग्या लागतात.” मेहुणे शहाणे होते, पुन्हा आले नाहीत. सल्लागार मात्र पुढे बरेच दिवस जिन्यात भेटले की नुसते हूं म्हणत.

सहामाही जवळ येत होती. मी घरी बोलणं कमी केलं होतं. अशा मनःस्थितीत एक दिवस मी कार्यालयात बसलो असताना खिडकीतून एक अर्ज आत आला. नळाला पाणी न आल्याची साधी तक्रार. पण असा अर्ज मी उभ्या नोकरीत वाचला नव्हता. ‘शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार पाणी सकाळी आले होते. परंतु त्यांच्या गच्चीवर स्वतंत्र टाकी असल्याने त्यांच्या साक्षीवर विसंबता येत नाही. दूधवाल्याची साक्ष अधिक विश्वसनीय, कारण त्याला या प्रकरणात कोणताही लाभ नाही.’ मी खिडकीतून वाकून पाहिलं. पांढऱ्या केसांच्या, काठीवर रेललेल्या एक बाई उभ्या होत्या.

मी विचारलं, “आपण काय करत होता?”

“रांगेत उभी होते.”

“तसं नाही, नोकरी?”

“इतिहास शिकवत होते. का? त्यानं पाणी लवकर येतं का?”

मी खुर्चीतून उठून बाहेर गेलो आणि तिथेच, ओरडणाऱ्या लोकांच्या समोर, त्यांना माझ्या मुलीची सगळी हकिकत सांगितली. रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, इथे पाण्याची बोंब आहे आणि साहेब मुलीचं सांगतायत. बाईंनी काठी वर करून त्याला गप्प केलं. मग मला म्हणाल्या, “मुलगी पुस्तकाला घाबरते? बरं. येते मी.” बाई मिळाल्या. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण शाळेचा एक नियम निघाला. प्रगत विषयासाठी बाहेरचा शिक्षक ठेवला तर त्याची नोंद शाळेत करावी लागते, कारण काही शिक्षक मुलांचे निबंध स्वतःच लिहून देतात. नोंदीसाठी शिक्षक होतो याचा पुरावा हवा. बाईंची शाळा मागेच दुसऱ्या शाळेत विलीन झाली होती. दुसरी शाळा म्हणाली, आमच्याकडे विलीनीकरणानंतरचंच दफ्तर आहे. शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयात गेलो तर तिथल्या कारकुनानं संगणकात पाहिलं आणि सांगितलं, “या नावाची शाळा कधी नव्हतीच.”

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला वाटलं त्या चिडतील. पण त्यांचे डोळे चमकले. त्या म्हणाल्या, “जन्मभर मी मुलांना सांगत आले की पुरावा नसला तर माणूस इतिहासातून जातो. आज स्वतः गेले. फार छान उदाहरण आहे हे.” त्या कारकुनाला काही कळलं नाही. सुटकेचा मार्ग शेवटी बबडीच्या शाळेच्या कारकुनानं दाखवला. पुरावा नसेल तर पालकानं लिहून द्यायचं: प्रत्येक तासाला मी स्वतः हजर राहीन, आणि त्या दिवशी काय शिकवलं याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहून शाळेत देईन. मी सही केली. सह्या करताना माणसानं वाचावं, हे मी रोज लोकांना सांगतो.

शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला बबडी, आणि खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून मी. सारांश काय, दोन ओळी लिहिल्या की झालं, असं मला वाटत होतं. पहिल्या दिवशी विषय होता फ्रेंच राज्यक्रांती. तास संपल्यावर मी लिहिलं: ‘लोकांच्या तक्रारींची पोच वेळेवर न दिल्याने राज्यक्रांती झाली. एखादा जबाबदार तक्रार विभाग असता तर राजाचे प्राण वाचले असते.’

बाईंनी जाता जाता तो कागद मागितला. चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “हे मी शिकवलं?”

“म्हणजे, एकूण रोख तसाच होता ना?”

त्या खुर्चीत परत बसल्या. बबडीला म्हणाल्या, “मी वर्गात नेहमी सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याला धरून शिकवते. त्याला कळलं की सगळ्यांना कळतं. इथे एकच मुलगी, म्हणून माझी अडचण होत होती. ती आता सुटली.” मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती खिडकी होती. बाई माझ्याकडेच बघत होत्या. “उद्यापासून तुम्ही टेबलाशी बसायचं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहायचं. आणि ही ते तपासेल. नुसतं चूक म्हणायचं नाही हं. कशावरून चूक, ते लिहायचं.”

मी म्हटलं, “बाई, मी पालक आहे.”

“ते आपण सहीनिशी लिहून दिलंय. उपस्थिती अनिवार्य.”

बायको स्वयंपाकघरात होती. तिला हसू आवरत नव्हतं हे भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं.

छापलेलं पुस्तक खोडायला घाबरणारी माझी मुलगी बापाचं लिखाण खोडायला मात्र जराही घाबरली नाही. पहिलंच उत्तर तिनं हातात घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. माझ्या पोच-सिद्धान्ताखाली तिनं लिहिलं: ‘चूक. तक्रारी राजानेच मागवल्या होत्या. गावोगावी लोकांनी त्या लिहून दिल्या. तक्रार मागवली म्हणून लोकांना आशा वाटली, आणि आशा मोडली म्हणून राग आला. लेखकाने हे न पाहता स्वतःच्या नोकरीचा अनुभव फ्रान्सवर लादला आहे. शून्य.’ बाईंनी तो शेरा वाचला. मग म्हणाल्या, “हे पुस्तकात कुठे आहे?” बबडी म्हणाली, “असं कुठेच नाही. दोन ठिकाणचं जोडून मी लिहिलं.” बाई म्हणाल्या, “हं.” त्या ‘हं’मध्ये माझं शून्य कुठल्या कुठे वाहून गेलं. अर्थात घरापुरतंच.

कारण दुसऱ्याच दिवशी सल्लागार खाली आले, चपला काढल्या, आणि दुखवट्याला आल्यासारखे माझ्या शेजारी बसले. “ऐकलं ते खरं का?” मी विचारलं, काय ऐकलं? ते म्हणाले, “शाळेनं तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं म्हणे.” मी समजावलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “होतं असं. धीर सोडू नका. माझा मेहुणा रिकामाच आहे, पाठवू का?” कार्यालयातही कुणकुण लागली. साहेबांनी मला बोलावून विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना? मुलगी तुमचे पेपर तपासते असं कानावर आलं.” मी म्हटलं, शैक्षणिक कारण आहे साहेब. ते म्हणाले, “तांत्रिक नाही ना, मग ठीक.”

मी चुकत राहिलो. मनापासून चुकलो. रोमचं साम्राज्य कोसळलं ते सेनापतींच्या बदल्या वेळेवर न झाल्यानं. वसाहती हातच्या गेल्या त्या मुख्यालय फार लांब असल्यानं. औद्योगिक क्रांती झाली ती एका देशात वरिष्ठ लोक बघत नसताना. प्रत्येक उत्तराखाली लाल शाई वाढत गेली. ‘पुरावा?’ ‘कोणी सांगितलं?’ ‘बाबांचे साहेब रोममध्ये नव्हते.’ जेवताना ती माझ्याशी वाद घालायची, मी भात चिवडत बचाव करायचो, आणि बायको म्हणायची, “अहो, हरा एकदाचे, वरण निवतंय.” बबडीचे डोळे पूर्वी वहीत असत, आता माझ्यावर रोखलेले असत. इतका चांगला विरोधी पक्ष मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

पण इथेच घोटाळा झाला. हट्टाला पेटून मी वाचायला लागलो. रिकाम्या वेळात कार्यालयात तिचं पुस्तक टेबलाच्या खणात उघडं ठेवायचो. आणि एक दिवस राज्यक्रांतीवर पुन्हा लिहिताना मी लिहिलं: ‘तक्रारी न ऐकणे वाईट. पण तक्रारी मागवून गप्प बसणे त्याहून वाईट, कारण तोवर लोकांना कळलेले असते की आपल्यासारखे पुष्कळ आहेत.’ बबडीनं ते वाचलं. पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी नाइलाजानं लिहिलं: ‘चांगलं.’ तो कागद मी घडी करून पाकिटात ठेवला. साहेबांना सहज दाखवला. जिन्यात सल्लागारांनाही दाखवला. ते म्हणाले, “मुलीनंच दिलेत ना गुण? मग त्यात काय.” मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी घरी येऊन सांगितलं.

पुढच्या तीन-चार उत्तरांतही ती अडखळत राहिली. आणि सहामाहीच्या आदल्या आठवड्यात बाईंनी मला जिन्यात थांबवलं. काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, “एक अडचण झाली आहे. तुमची प्रगती झाली.”

मी म्हटलं, “सगळं आपल्यामुळे.”

“अहो, अभिनंदन नाही करत. तिला खोडायला काही उरलं नाही. तुमचं बरोबर यायला लागल्यापासून ती पुन्हा ‘असंही असू शकेल, तसंही असू शकेल’ असं लिहायला लागली आहे. परवा पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलंन. भीती परत येतेय तिची.” त्या थांबल्या. “मी आजवर कोणत्याही विद्यार्थ्याला हे सांगितलं नव्हतं. शेवटच्या तासाला तुम्ही चुका. चांगले सपाटून चुका.”

मी घरात आलो आणि पाकिटातला तो कागद काढून पाहिला. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. जन्मभर ज्याला लोकांनी फक्त ‘अहो, तुमचं चुकलं’ एवढंच ऐकवलं, त्याला एकदा कुठे ‘चांगलं’ मिळालं होतं, आणि आता पुन्हा चूक व्हायचं होतं, तेही जाणूनबुजून. मग मला तो न चढणारा नळाचा आवाज आठवला. मी कागद पाकिटात परत ठेवला आणि चुकायला बसलो.

चुकणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. प्रश्न होता पहिल्या महायुद्धाचा. खरं उत्तर मला येत होतं. पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा त्यात थोडं बरोबर उतरलं. शेवटी मला आठवलं की ज्या राजपुत्राच्या खुनावरून भडका उडाला, त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं चुकीच्या रस्त्याला वळण घेतलं होतं. मी लिहून टाकलं: ‘महायुद्धाला पूर्णपणे ड्रायव्हर जबाबदार आहे. त्याने नीट वळण घेतले असते तर युद्ध झालेच नसते.’ पानभर ड्रायव्हरला झोडपलं. इतकं ढळढळीत चूक होतं की माझी मला लाज वाटली.

शेवटचा तास. बाई, बबडी, मी. बायकोही पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. बबडीनं उत्तर वाचायला घेतलं. मला वाटलं, आता पेन धावेल. पेन धावलं नाही. ती परत पहिल्या ओळीवर गेली. मग उठली, खोलीतून माझी सगळी जुनी उत्तरं घेऊन आली आणि टेबलावर पसरली.

बाईंनी विचारलं, “काय झालं?”

“बाई, हे बाबांचं नाही.”

“अक्षर त्यांचंच दिसतंय.”

“अक्षर त्यांचं आहे. उत्तर त्यांचं नाही.” तिनं एकेक कागद पुढे सरकवला. “हे बघा. फ्रान्समध्ये दोष राजाचा. रोममध्ये बदल्या न करणाऱ्यांचा. वसाहतींमध्ये मुख्यालयाचा. बाबा चुकतात, पण एकाच पद्धतीनं चुकतात. इतक्या उत्तरांत एकदाही त्यांनी खालच्या माणसावर खापर फोडलेलं नाही. शिपायावर नाही, सैनिकावर नाही, कोणावरच नाही. आणि इथे अख्खं महायुद्ध एका ड्रायव्हरच्या डोक्यावर? हा लेखक असं लिहिणारच नाही. शिवाय यात एकही साहेब नाही.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि बायको हललीसुद्धा नाही.

बाई अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, “निष्कर्ष?”

“लिहिणाऱ्याला खरं उत्तर माहीत होतं. त्यानं मुद्दाम चुकीचं लिहिलंय.”

“हेतू?”

बबडीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघायला लागलो. अशा वेळी माणसाला पंखा फार उपयोगी पडतो.

“हेतू...” ती म्हणाली, आणि तिचा आवाज घोगरा झाला. “हेतू मी आहे, बाई.”

“रडायचं नंतर,” बाई म्हणाल्या, आणि स्वतःचा चष्मा काढून पुसायला लागल्या. “आधी शेरा लिही. हे ज्या पुस्तकात छापलंय ते पुस्तक दाखव मला.”

“कुठेच छापलेलं नाही.”

“मग?”

“मग काय. मला दिसतंय ते.”

तिनं पेन उचललं. शेरा लिहिला, त्याखाली मोठं, गोल, सुबक शून्य काढलं, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. शेऱ्यात लिहिलं होतं: ‘दस्तऐवज बनावट. लेखक विश्वसनीय.’

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी लवकर घरी आलो होतो. साहेबांना कौटुंबिक कारण सांगितलं होतं. सल्लागार जिन्यात उभे होते, आणि ते चक्क एकही सल्ला न देता बाजूला झाले. बबडी आली, चपला तशाच टाकल्या, कोणाकडे न बघता बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. नळ सुटला.

बायकोनं माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघं दाराशी जाऊन उभे राहिलो. मी कान दिला. पाणी पडत होतं, पडत होतं, आणि मग आवाज बदलला. हळूहळू चढत गेला. बादली भरत होती. ती उन्हातून आली होती आणि पास झालेल्या मुलीसारखी निवांत हातपाय धूत होती, एवढंच.

मी घसा खाकरला आणि नेहमीच्या आवाजात ओरडलो, “बबडे, बादली भरली की नळ बंद कर! पाणी काय फुकट येतं?”

आतून ती म्हणाली, “भरली हे तुम्हाला कोणी सांगितलं?”